पाण्यावरची घरे आणि पाळीचे पाहुणे

दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडून पेरू आणि बोलिव्हिया या दोन देशांच्या सीमेवर बोट ठेवले, तर तेथे एक लांबट निळा डाग दिसतो. हेच टिटिकाका सरोवर. समुद्रसपाटीपासून उंची ३,८१२ मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी या सरोवराच्या काठाला हात लागत नाही! आणि विस्तार म्हणाल तर सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर. त्यात तेरा-चौदा मुंबया मावतील. एवढ्या उंचीवर, एवढ्या थंडीत, एवढे पाणी, आणि त्या पाण्यातल्या बेटांवर शेकडो वर्षांपासून माणसे राहतात. शेती करतात, मेंढ्या राखतात, लोकर विणतात. गेल्या सुमारे पन्नास वर्षांपासून ती आणखी एक काम करतात. परक्या देशांतून आलेल्या माणसांना एका रात्रीसाठी आपल्या घरात उतरवून घेतात.

आपल्यापैकी कोणी उद्या बॅग भरून तिकडे निघणार नाही, हे उघड आहे. मुंबईहून पेरूला थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेत विमान बदलून राजधानी लिमा गाठायची, तेथून दुसऱ्या विमानाने जुलियाका, आणि मग रस्त्याने काठावरचे पुनो शहर. गिरणीतल्या, रेल्वेतल्या, नगरपालिकेतल्या माणसाला हा खर्च झेपणारा नाही. मी स्वतःही तेथे गेलेलो नाही. जे वाचले, ताडून पाहिले, तेच येथे मांडतो आहे. तरीही ही हकीकत सांगावीशी वाटते. कारण तिच्यात केवळ डोंगर-पाण्याची शोभा नाही. ज्यांना शतकानुशतके कोणी माणसात धरले नाही, ती माणसे आपल्या घराचा उंबरठा कोणासाठी, कोणत्या अटीवर उघडतात, आणि त्याचा पैसा कोणाच्या खिशात जातो, असा हा प्रश्न आहे.

आधी प्रवास कसा होतो ते पाहू. सकाळी आठच्या सुमारास पुनोच्या धक्क्यावरून यांत्रिक होड्या सुटतात. पहिला थांबा उरोस लोकांच्या तरंगत्या बेटांवर. तेथून संथपणे तीनेक तास पाणी कापत अमांतानी बेट. मुक्काम तेथे. दुसऱ्या दिवशी सकाळी ताकिले बेट, दुपारचे जेवण, आणि संध्याकाळपर्यंत परत पुनो. दोन दिवस, एक रात्र. नव्या माणसाला या उंचीवर धाप लागते, डोके ठणकते, भूक मरते, कारण श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. तिकडे या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात. त्यावर कोकाच्या पानांचा किंवा ‘मुन्या’ नावाच्या, पुदिन्यासारख्या वासाच्या रानवनस्पतीचा काढा देतात. शहाणी माणसे पहिले एक-दोन दिवस पुनोत नुसती बसून काढतात.

उरोसांची बेटे ही सृष्टीने केलेली बेटे नव्हेत, माणसाने केलेली आहेत. सरोवराच्या उथळ भागात ‘तोतोरा’ नावाचे लव्हाळे दाट वाढते. त्याच्या मुळांचे जाळे मातीसकट सुटून पाण्यावर तरंगू लागते. या मुळांचे मोठमोठे ठोकळे करवतीने कापतात, दोरांनी एकमेकांना घट्ट बांधतात, आणि तळाशी निलगिरीचे खुंट ठोकून जागच्या जागी अडकवतात, नाहीतर रात्री वारा सुटला की घर बोलिव्हियाच्या दिशेला! त्यावर कापलेल्या तोतोराचे थर आडवे-उभे पसरतात. खालचा थर कुजत जातो, म्हणून वर नवा थर सतत घालावाच लागतो. पावसाळ्यात तर हे काम फारच वाढते. म्हणजे आपण घराला वर्षातून एकदा रंग काढायचा म्हटले तरी कुरकुरतो, आणि येथे पायाखालची जमीनच दर काही दिवसांनी नव्याने घालायची. घर तोतोराचे, अंथरूण तोतोराचे, होडी तोतोराची. कोवळ्या तोतोराचा पांढरा बुंधा सोलून खातातही. चूल मात्र दगडावर मांडतात, कारण एका ठिणगीत सगळे बेट जाईल. १९८६ साली मोठे वादळ झाले. त्यानंतर आत खोल पाण्यात राहणाऱ्या अनेक कुटुंबांनी आपली बेटे पुनो शहराच्या जवळ आणून बांधली. प्रवाशांची वर्दळही त्यानंतरच वाढली. आज अशी शंभराच्या आसपास बेटे आहेत. काहींवर लहान मुलांची शाळाही आहे. मुले होडीतून शाळेला जातात.

पण उरोसांची खरी गोष्ट या लव्हाळ्यात नाही. होसे दे अकोस्ता नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने १५९० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात या लोकांची नोंद केली आहे. तिचा आशय असा की, हे लोक इतके जंगली आहेत, की तुम्ही कोण असे विचारले तर आपण माणसे नव्हे, उरोस आहोत, असे ते स्वतःच सांगतात. पुढे अनेकांनी ही कथा उतरवून घेतली. आता विचार करा, हे लिहिले कोणी? ज्याच्या हातात लेखणी होती त्याने. ज्याच्याविषयी लिहिले त्याला लिहिता येत नव्हते, आणि त्याची भाषा लिहिणाऱ्याला येत नव्हती. कदाचित त्या बिचाऱ्या कोळ्याने एवढेच सांगितले असेल, की आम्ही त्या काठावरच्या शेतकऱ्यांपैकी नव्हे, आम्ही उरोस. परंतु ग्रंथात नोंद झाली ती ‘माणसे नव्हेत’ अशी, आणि चारशे वर्षे तीच टिकली. अशा नोंदी कशा होतात आणि किती पिढ्या त्या पुसाव्या लागतात, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

उरोसांची मूळ भाषा या भागात आता कोणी बोलत नाही. ते शेजारच्या आयमारा लोकांची भाषा बोलतात. काठावरच्या लोकांशी लग्नसंबंध झाले आणि भाषा विरून गेली. म्हणून काही प्रवासी नाक मुरडून म्हणतात की हे ‘खरे’ उरोस नव्हेत, हे तर पाहुण्यांसाठी मांडलेले नाटक आहे, रात्री ही माणसे पुनोत पक्क्या घरात झोपायला जातात. काही जण जातातही. पण मला हा आक्षेप पटत नाही. लोकांनी गरिबीत, ओलाव्यात, संधिवाताने सांधे धरून राहिले तरच ते ‘खरे’, आणि मुलाला शहरातल्या शाळेत घातले की ‘खोटे’, हा कुठला न्याय? फोटो काढणाऱ्याची हौस म्हणून कोणी आपले हाल जपून ठेवायचे काय? बेटांवर आता सौरऊर्जेचे तक्ते आहेत, दिवा लागतो, रेडिओ लागतो, मोबाइल चार्ज होतो. ते झालेच पाहिजे.

पाहुण्यांच्या होड्या कोणत्या बेटावर थांबवायच्या हे उरोसांनी आपापसांत पाळीने ठरवले आहे. उतरल्यावर कुटुंबप्रमुख तोतोराचा छोटासा नमुना हातात घेऊन बेट कसे बांधतात ते दाखवतो, बाया भरतकाम मांडतात, तोतोराच्या होडीतून फेरी मारतात, तिचे वेगळे पैसे. अर्ध्या-पाऊण तासात सगळे आटोपते. पोट त्यावर चालते, हे खरे. माणसाशी ओळख मात्र तेवढ्यात होत नाही. ती व्हायची तर मुक्काम हवा.

मुक्काम अमांतानीला. बेट सुमारे नऊ चौरस किलोमीटरचे, वस्ती चारेक हजारांची, भाषा केचुआ. रस्ते नाहीत, मोटार नाही, दगडी पायवाटा आणि वर चढत जाणारी पायऱ्यांसारखी शेते. बटाटा, ओका नावाचे आंबूस-गोड कंद, बार्ली, वाटाणा, किनोआ, अशी पिके. येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. आपल्या वड्यातला, भाजीतला, उपवासाच्या ताटातला जो बटाटा, त्याचे माहेर दक्षिण पेरू आणि बोलिव्हियाचा हाच डोंगरी मुलूख. हजारो वर्षांपूर्वी याच लोकांच्या पूर्वजांनी कडू, बोराएवढ्या रानकंदापासून निवडून निवडून तो घडवला. तो स्पॅनिशांनी युरोपात नेला, पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो आपल्याकडे आला, आणि नावही पोर्तुगीजच राहिले. मुंबईत वडापाव खाणारा प्रत्येक माणूस या अनामिक शेतकऱ्यांचे देणे लागतो. येथे बटाटे रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत उघड्यावर पसरतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात, उन्हात सुकवतात. त्याला ‘चुन्यो’ म्हणतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. दुष्काळाची तरतूद.

होडी धक्क्याला लागते तेव्हा बेटावरच्या बाया ओळीने उभ्या असतात. भरतकाम केलेले पांढरे पोलके, घेरदार रंगीत घागरा, डोक्यावरून काळी शाल, आणि हात रिकामे नाहीतच, उभ्या उभ्या चातीवर लोकर कातणे चालूच. गावचा प्रमुख कागद बघून नावे पुकारतो. दोन पाहुणे हिच्याकडे, तीन तिच्याकडे. कोणते घर चांगले, कोणती खोली ऐसपैस, हे निवडण्याची मुभा पाहुण्याला नाही. ज्या घराची पाळी त्या घरी जायचे. बाई पुढे चालू लागते. ती इथल्याच हवेत वाढलेली, त्यामुळे चढ चढताना तिची गाठोडी, तिचे मूल, तिची चाती, काहीही थांबत नाही. पाहुणा मात्र दर वीस पावलांवर दम खातो.

घर मातीच्या विटांचे. पाहुण्यांची खोली बहुधा माडीवर, तिचे दार इतके बुटके की वाकूनच आत जावे लागते. खाटेवर चार-पाच जाड लोकरी घोंगड्या. शौचालय अंगणाच्या पलीकडे. रात्री विजेरी घेऊन जायचे. जेवण चुलीजवळ. आधी किनोआचे गरम सार, मग उकडलेले दोन-तीन जातींचे बटाटे आणि ओका, त्यावर तव्यावर तळलेला घरच्या दुधाच्या चीजचा तुकडा, आणि शेवटी गरम पाण्यात टाकलेली मुन्याची डहाळी. मांस फारसे नसते, कारण मेंढी ही बचत असते, रोजचे खाणे नव्हे. वयस्क बाईला स्पॅनिश बेताचेच येते, पाहुण्याला केचुआ येत नाही. मग खाणाखुणा, हसणे. केचुआत आभार मानायला ‘सुल्पायकि’ म्हणतात. एवढा एक शब्द पाठ करून गेलेल्याला घरची पोरे पुन्हा पुन्हा तो म्हणायला लावतात.

पाहुण्याने जाताना काय न्यावे? जाणते वाटाडे सांगतात की गोळ्या-चॉकलेट नेऊ नका, मुलांचे दात किडतात आणि मागायची सवय लागते. त्यापेक्षा तांदूळ, साखर, तेल, फळे न्या. एवढ्या उंचीवर फळझाड येत नाही, आणि प्रत्येक पोते पुनोहून होडीने आणून पाठीवर चढवावे लागते. मला ही सूचना फार योग्य वाटली. आपल्याकडेही कोणाच्या घरी जाताना पोरांसाठी खाऊ नेतो तो नेतोच, पण जिथे चूल अडलेली आहे तिथे पिठाची पिशवी नेणारा पाहुणा लक्षात राहतो.

दुपार उतरली की पाहुणे बेटाच्या दोन टेकड्यांपैकी एकीवर चढतात. एक पाचाताता, म्हणजे धरणीबाप. दुसरी पाचामामा, म्हणजे धरणीमाय. दोन्हींवर जुनी दगडी आवारे आहेत. ती एरवी बंद असतात. वर्षातून एकदा जानेवारीत उत्सव होतो तेव्हाच उघडतात. श्रद्धा त्यांची, मी त्यात पडत नाही. पण वरून दिसणारे दृश्य असे की पश्चिमेला सूर्य पाण्यात जातो आणि पूर्वेला बोलिव्हियाचे बर्फाचे डोंगर तांबूस होतात. सूर्य गेला की थंडी झडप घालते. रात्री गावच्या सभागृहात बासरी-ढोलाचा कार्यक्रम असतो. घरची बाई आपलेच ठेवणीतले कपडे पाहुणीला नेसवते, पट्टा करकचून आवळते, पुरुष पाहुण्याच्या अंगावर पोंचो चढवते, आणि सगळ्यांना नाचायला ओढते. कोणी म्हणेल हा देखावा. असेल. पण आपल्या हाताने विणलेला कपडा परक्याच्या अंगावर घालताना त्या बाईच्या चेहऱ्यावर लाज नसते, ही गोष्ट लहान नाही. फार वर्षे झाली नाहीत, याच कपड्यांवरून पुनोच्या बाजारात या लोकांना हिणवले जात होते.

त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. स्पॅनिश लोकांनी १५३२ मध्ये पेरूत पाऊल ठेवले आणि जमिनी बळकावल्या. १८२१ साली पेरू स्वतंत्र झाला, पण जमिनी गोऱ्या आणि मिश्र वंशाच्या जमीनदारांकडेच राहिल्या, उलट लोकरीचा व्यापार वाढला तशा त्यांच्या ‘आसिएंदा’, म्हणजे जहागिरी, आणखी पसरल्या. ही बेटेही जमीनदारांची होती. बेटावरच्या माणसाने आपल्याच पूर्वजांच्या शेतात राबायचे, आणि त्याखेरीज पाळीपाळीने जमीनदाराच्या घरी फुकट घरकाम करायचे. या पाळीला ‘पोंगो’ची पाळी म्हणत. पाणी भरणे, झाडणे, दाराशी झोपणे. वेठबिगार म्हणजे काय, हे ज्यांच्या आजा-पणज्यांनी भोगले त्यांना येथे शब्दकोश उघडावा लागणार नाही. ‘इंदियो’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. लिहिता-वाचता न येणाऱ्याला मताचा अधिकार नव्हता. तो १९७९च्या राज्यघटनेने दिला. म्हणजे या बेटांवरच्या हजारो प्रौढ माणसांनी आयुष्यात पहिले मत दिले ते १९८० साली! आपल्याला १९५०च्या राज्यघटनेने जे सर्वांना सरसकट दिले, त्याचे मोल अशा वेळी कळते.

आता ताकिले बेटाने काय केले ते पाहा. हे बेट अमांतानीहून लहान, सुमारे साडेपाच-पावणेसहा चौरस किलोमीटर, पुनोपासून सुमारे ४५ किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या थोडी वर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सरकार राजकीय कैद्यांना येथे आणून ठेवत असे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला लुईस सांचेस सेर्रो हाही एकेकाळी येथे कैदी होता. राजधानीतले राजकारण, कायदा, अर्ज-विनंत्या यांची ओळख बेटावरच्या लोकांना अशी घरबसल्या झाली. प्रुदेन्सिओ वाता नावाचा त्यांचा पुढारी. त्याच्या खटपटीने ताकिलेच्या लोकांनी १९३७ पासून जमीनदारांकडून आपलेच बेट तुकड्यातुकड्याने विकत घ्यायला सुरुवात केली. पै-पै साठवायची, एक तुकडा घ्यायचा, कागद करायचा, पुन्हा साठवायचे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ सगळे बेट त्यांच्या नावावर झाले. जनरल व्हेलास्को यांच्या सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला तो २४ जून १९६९ रोजी. त्याच वेळी ‘इंदियो’ हा शब्द सरकारी व्यवहारातून काढून ‘काम्पेसिनो’, शेतकरी, हा शब्द आणला. १९७५ मध्ये केचुआ ही राष्ट्राची अधिकृत भाषा झाली. पण ताकिलेवाले त्या कायद्याची वाट पाहत बसले नव्हते. त्यांनी आपल्याच जमिनीची किंमत मोजली. हे न्याय्य होते काय? मुळीच नाही. चोराला पैसे देऊन आपली वस्तू सोडवण्यासारखे ते होते. पण सातबारा आपल्या नावाचा झाल्यावर माणूस कसा उभा राहतो, ते पुढच्या गोष्टीत दिसते.

१९७० नंतर परदेशी प्रवासी येऊ लागले. दक्षिण अमेरिकेच्या एका इंग्रजी प्रवासपुस्तकात १९७६ साली ताकिलेचा उल्लेख आला आणि ओघ वाढला. पहिल्यांदा पाहुण्यांना आणत ते पुनोचे होडीवाले. पैसा त्यांचा, गर्दी आणि कचरा बेटाचा. ताकिलेच्या लोकांनी सभा भरवली. अनेक घरे मिळून एक होडी, असे भागीदारीचे गट केले. ट्रकची जुनी इंजिने विकत घेतली, लाकूडकाम स्वतः केले, आणि होड्या पाण्यात सोडल्या. मग बंदर खात्याकडे अर्ज करून पाहुण्यांना आपल्या बेटावर आणण्याचा हक्क मिळवला. १९८०च्या सुमारास ताकिलेची पाहुण्यांची वाहतूक ताकिलेच्याच माणसांच्या हातात होती. पाहुणा वर पोहोचला, आणि तेथे पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत, की स्वागत समिती नाव लिहून घेणार, पाळीच्या घरी पाठवणार. मुक्कामाचा दर सभेने ठरवलेला. ज्याच्याकडे चांगली खाट, पुरेशी घोंगडी, स्वच्छ खोली, त्यालाच पाहुणा ठेवण्याची परवानगी. विणलेल्या वस्तू सामुदायिक दुकानात. प्रत्येक वस्तूवर विणणाऱ्याचे नाव, दर ठरलेला, घासाघीस नाही. विक्रीतून थोडा भाग संस्थेला, बाकी विणणाऱ्याला. इलेन झॉर्न या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी बेटावर राहून या साऱ्याचा अभ्यास केला आणि २००४ साली पुस्तक लिहिले.

मी हिशेबाच्या खात्यात काम करणारा माणूस. मला या व्यवस्थेत सौंदर्य दिसते ते असे. समजा बेटावर दोनशे घरे पाहुणे ठेवतात. बाजारावर सोडले, तर धक्क्याजवळच्या दहा घरांना सगळे पाहुणे मिळतील, ती घरे आणखी नटतील, आणि वरच्या वस्तीतल्या एकशे नव्वद घरांना धुराळाही दिसणार नाही. पाळी लावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते, पण सगळ्यांच्या येते, आणि शेजारी शेजाऱ्याचा पाहुणा पळवत नाही. दहा जण श्रीमंत होण्याचे थांबते, हे खरे. त्यामुळेच त्या दहा जणांना पाळी नको असते.

आणि तसेच झाले. १९९०च्या दशकात राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारने मक्तेदारी मोडण्याचे कायदे आणले. कायदा मोठ्या मक्तेदारांविरुद्ध, पण मोडला गेला तो ताकिलेच्या भागीदारी होड्यांचा हक्क. पुनोच्या सहल-कंपन्या वेगवान होड्या घेऊन आल्या. त्या सकाळी पाहुणे आणतात, दुपारचे जेवण घालतात, संध्याकाळी परत नेतात. पाहुण्यांची संख्या वाढली, पण मुक्काम घटला, आणि भाड्याचा पैसा पुनोतच राहू लागला. नाव मोकळ्या स्पर्धेचे. एका बाजूला बँकेचे कर्ज आणि दूरदेशी कार्यालये असलेली कंपनी, दुसऱ्या बाजूला जुन्या ट्रकचे इंजिन. ताकिलेवाल्यांनी नंतर आपलीच सहल-कंपनी काढून काही वाटा परत मिळवला. झगडा अजून चालू आहे.

अमांतानीत तर भांडण घरातच होते. तेथे सुरुवातीला ज्यांच्याकडे होड्या होत्या ती मोजकी कुटुंबे पाहुण्यांना धक्क्यावरून थेट आपल्याच किंवा आपल्या सोयऱ्यांच्या घरी नेत. होर्दी गास्कोन या अभ्यासकाने २००५च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवले आहे की, एकसारखे गरीब दिसणारे गाव आतून एकसारखे नसते, आणि नवा पैसा आला की आधीची दरी रुंदावते. बेटावर यावरून तेढ झाली, सभा झाल्या, आणि पाळीचा आग्रह धरला गेला. मला हे लिहिताना संकोच वाटत नाही. वंचितांच्या वस्तीत भांडणे नसतात असे चित्र रंगवणारे लोक वंचितांना देवघरात बसवतात. भांडणे असतात. ती सभेत मिटवण्याची सवय आहे की नाही, एवढेच पाहायचे.

ताकिलेच्या विणकामाबद्दल थोडे. येथे सुयांवर विणतात ते पुरुष, आणि मागावर विणतात त्या स्त्रिया. आठ-दहा वर्षांचा मुलगाही चालता चालता सुया हलवत असतो. पुरुषाच्या लोकरी टोपीवरून त्याची स्थिती कळते. पूर्ण लाल टोपी लग्न झालेल्याची, अर्धी पांढरी अविवाहिताची. मुलगा लग्नाचा झाला की त्याने विणलेल्या टोपीत पाणी ओतून ते गळते का हे सासरा पाहतो, असे गमतीने सांगतात. आमच्याकडे पगाराची पावती पाहतात! बायका जो रुंद कमरपट्टा विणतात त्यावर शेतीच्या वर्षाच्या खुणा असतात, पेरणी, पाऊस, काढणी. ताकिलेच्या या कलेला युनेस्कोने २००५ साली मानवजातीचा ठेवा म्हणून गौरवले. बेटाचे कायदे म्हणून तीन गोष्टी सांगतात. चोरी करू नको, खोटे बोलू नको, आळस करू नको.

पण भगिनींनी एक गोष्ट येथे नोंदवून ठेवावी. पाहुण्यासाठी पहाटे चूल पेटवते ती बाई, खोली झाडते ती बाई, चढावर सामान नेते ती बाई. समितीत, होडीवर, पुनोच्या कचेरीत बोलतो तो पुरुष, कारण स्पॅनिश त्याला येते. ज्या घरांत मुली शाळा पूर्ण करू लागल्या तेथे हे बदलते आहे. सरोवराकाठच्या प्लातेरिया गावात मानुएल कामाचो या आयमारा माणसाने विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या लोकांसाठी शाळा उघडली, तेव्हा काठावरचे जमीनदार आणि पाद्री खवळून उठले होते. १९१३ साली तेथे जमाव चालून गेला. लिहायला शिकलेला माणूस वेठ करणार नाही, हे त्यांना बरोबर कळले होते.

अलीकडची वर्षे बेटांना वाईट गेली. २०२० मध्ये करोनामुळे होड्या धक्क्यालाच बांधून राहिल्या. ज्यांनी शेती सोडली नव्हती त्यांनी बटाट्यावर दिवस काढले. तरंगत्या बेटांवर शेत नाही, मासे आणि पक्षी एवढेच. मासेही आता पूर्वीचे नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्याला बाहेरून आणून सोडलेल्या ट्राउट माशाने सरोवरातले मूळ मासे हटवले, आणि पाहुण्याच्या ताटात आज येतो तो हाच परका ट्राउट. पुनोचे सांडपाणी उरोसांच्या दारात येते. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष कास्तियो यांना पदावरून दूर केल्यावर या भागात मोठे आंदोलन पेटले. ९ जानेवारी २०२३ रोजी जुलियाकात एकाच दिवशी गोळीबारात अठराएक माणसे मारली गेली. बहुतेक याच केचुआ-आयमारा घरांतली. त्यानंतर कित्येक महिने पाहुणे नव्हते. त्याच वर्षी सरोवराचे पाणी फारच खाली गेले. काठाजवळचा तोतोरा सुकला, काही तरंगती बेटे गाळात टेकली, आणि होड्या जिथे लागत तेथे चिखल झाला.

आता होड्या पुन्हा सुटतात. अमांतानीच्या धक्क्यावर प्रमुखाच्या हातातला कागद तोच आहे. ज्या घराशी २०२०च्या मार्चात पाळी थांबली होती, त्याच्या पुढच्या घरापासून ती मोजायची की पहिल्यापासून, हे ठरवायलासुद्धा सभाच बसवावी लागणार. तेवढा वेळ त्या लोकांकडे असतो.